स्कायलॅबची छत्री

टूलरूमवाला

स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेचं अवकाशस्थानक, म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना एकच आठवतं, ते पडणार होतं. कुणाच्या डोक्यावर, एवढंच ठरायचं होतं. पण पडायच्या सहा वर्षं आधी ते चढलं होतं, आणि चढलं त्याच दिवशी निकामी व्हायच्या बेतात होतं. तिघं जण वर गेले, त्यांनी ते दुरुस्त केलं आणि २८ दिवस त्यात राहून आले. हा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही म्हणून धागा काढतोय. मी आयुष्यभर टूलरूममध्ये जिग आणि फिक्स्चर (जॉब पक्का धरायची साधनं) केली, रॉकेटशी संबंध दिवाळीपुरता. चुकलो तर कान धरा.

तर १४ मे १९७३, फ्लोरिडात भर दुपार. सॅटर्न ५ रॉकेटचं हे शेवटचं उड्डाण. त्यावर या वेळी माणसं नव्हती, घर होतं. चांद्रमोहिमा आवरत्या घेतल्यावर शिल्लक राहिलेल्या रॉकेटच्या एका टप्प्याच्या इंधनाच्या टाकीतच जाळीचे मजले घालून झोपायच्या खोल्या, जेवणाचं टेबल, न्हाणीघर बसवलेलं. आतली जागा साधारण ३५० घनमीटर. मुंबईत कुणाला मिळाली तर पेढे वाटेल.

टाकीभोवती ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं कवच घट्ट गुंडाळलं होतं. कक्षेत पोचल्यावर ते टाकीपासून काही इंच वर उचललं जायचं आणि बारीक उल्का अडवायचं. शिवाय ऊनही अडवायचं. उड्डाणाला ६३ सेकंद झाले असतील नसतील, पत्र्याखाली कोंडलेल्या हवेनं तो कडेनं उचलला. बाहेर आवाजापेक्षा जास्त वेगाचा वारा. वादळात गोठ्याचं छप्पर जाताना ज्यानं बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. कवच फाटून गेलंच, वर जाताना उन्हापासून वीज करणाऱ्या दोन सौरपंखांपैकी एकाची पकड सैल करून गेलं. तो पंख पुढे खालचा टप्पा सुटताना उडाला. दुसऱ्या पंखावर त्याच पत्र्याची एक पट्टी अशी आवळून बसली की तो उघडेचना.

ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला सुरुवातीला धड कळेना. नुसते आकडे येत होते, आणि आकडे सांगत होते की आत भट्टी पेटलीय. ५० अंश सेल्सियसच्याही वर. आतलं अन्न, औषधं, फिल्म खराब होणार. भिंतींचं उष्णतारोधक फोम तापून विषारी वायू सोडेल ही भीती वेगळीच. यान उन्हापासून वळवावं तर वीज बंद, उन्हाकडे वळवावं तर घर भाजून निघतंय. सुदैवानं स्थानकाला जोडलेल्या दुर्बिणीवरचे चार छोटे सौरपंख पवनचक्कीसारखे नीट उघडले होते. मग खालच्या मंडळींनी यान तिरकं धरून ठेवलं, थोडी वीज आणि थोडी सावली. असं त्यांनी दहा दिवस रेटलं.

माणसं दुसऱ्याच दिवशी जायची होती. त्यांचं उड्डाण २५ मे पर्यंत पुढे गेलं. त्या दहा दिवसांत काय काय झालं ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, आमच्याकडे वीज जायची वेळ झालीय.

अवकाशवेडी

वाचतेय! पण काका, शीर्षकात नाही तरी मजकुरात एक टाका: या मोहिमेचं अधिकृत नाव 'स्कायलॅब २'. बिनमाणसाचं स्थानक म्हणजे 'स्कायलॅब १'. गंमत अशी की पहिल्या तुकडीच्या बिल्ल्यावर मात्र रोमन १ आहे. त्यामुळे जालावर शोधताना हमखास घोळ होतो.

शंकासुर

म्हणजे थोडक्यात नासानं जुगाड केला. मग आपल्या जुगाडाला नावं का ठेवता?

देवगडकर

टूलरूमवाले, पटापट लिहा. मी १९७९ सालातला आहे, म्हणजे तेव्हा नववीत होतो. माझी आठवण नंतर सांगतो, तुमची गाडी रुळावरून उतरायला नको.

टूलरूमवाला

वीज आली.

@अवकाशवेडी, बरोबर, धन्यवाद.

@शंकासुर, 'जुगाड' या शब्दावर माझा राग आहे, तो शेवटी काढतो. आधी छत्री.

ह्यूस्टनच्या केंद्रात जॅक किंझलर नावाचे तांत्रिक सेवा विभागाचे प्रमुख होते. म्हणजे त्यांचं खातं आमच्यासारखं, वर्कशॉपवालं. चंद्रावर रोवलेला झेंडा उभा राहायची जुळणी याच माणसाची. बाकीचे लोक अंतराळवीरांना बाहेर पाठवून वरून कापड कसं ताणायचं याचा खल करत होते. किंझलरनी वेगळा विचार केला: बाहेर जायचंच कशाला? स्थानकाच्या उन्हाकडच्या भिंतीत एक छोटा हवाबंद झरोका होता, प्रयोगाची उपकरणं बाहेर काढायला ठेवलेला, जेमतेम वीतभर रुंद. त्यातून मिटलेली छत्री बाहेर सारायची आणि बाहेर गेल्यावर ती उघडायची.

नमुना दाखवायला त्यांनी बाजारातून मासेमारीचे एकात एक सरकणारे दांडे आणवले. मध्ये नळी, चार बाजूंना चार दांडे, त्यांना कापड. दोऱ्या ओढल्या की पसरतं. वरिष्ठांना वर्कशॉपमध्ये बोलावून करून दाखवलं आणि मान्य करून घेतलं. खऱ्या छत्रीला ॲल्युमिनियमचे दांडे आणि चकचकीत मुलामा दिलेलं नायलॉनचं पातळ कापड, साधारण ६.७ बाय ७.३ मीटर. शिवणयंत्रावर बसून बायका हे कापड शिवताहेत असे फोटो आहेत. एवढ्या अब्जावधी डॉलरच्या कार्यक्रमात शेवटी सुईदोराच कामाला आला, हे मला फार आवडतं.

तिकडे नासाच्याच हंट्सव्हिलच्या केंद्रानं दोन खांबांवर ताणायचं शीड बनवलं. तेही यानात टाकलं. शिवाय अडकलेला पंख सोडवायला लांब काठीवर बसणारी कटरं, आकडे, दोऱ्या. फांद्या छाटायला काठीच्या टोकाला दोरीनं ओढायची कात्री असते ना, त्याच जातीचं एक कटर. पाण्याच्या मोठ्या टाकीत रस्टी श्वायकार्ट यांनी सूट घालून सगळं करून बघितलं. कुठली गाठ बसते, कुठली हातमोज्यात येत नाही, सगळं.

वर जाणारे तिघंही अमेरिकी नौदलाचे. कमांडर पीट कॉनरॅड, अपोलो १२ मधून चंद्रावर चालून आलेला. जोसेफ कर्विन हा डॉक्टर, अवकाशात गेलेला पहिला अमेरिकी वैद्य. आणि पॉल वाइट्झ. या दोघांचं पहिलंच उड्डाण. त्यांचं रॉकेट सॅटर्न १बी, धाकटं. मनोरा मात्र थोरल्या सॅटर्न ५ च्या मापाचा. म्हणून त्याला ३९ मीटर उंच चौरंगावर उभं केलं होतं, ओट्याशी हात पुरत नाही म्हणून पोराला पाट देतात तसं. फोटो जरूर बघा, हसू येतं.

अवकाशवेडी

त्या चौरंगाला तिथले लोक 'दूध काढायचं स्टूल' म्हणायचे. :)

पण मला एक गोष्ट मध्ये आणायचीय, कारण ती आणल्याशिवाय या तिघांच्या धाडसाचं वजन कळत नाही. स्थानकात राहून आलेले पहिले लोक हे नव्हेत. त्याआधी दोन वर्षं, ७ जून १९७१ ला रशियनांचं सोयुझ ११ हे यान त्यांच्या सल्यूत १ या स्थानकाला जोडलं गेलं. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव. खरं तर हे राखीव. मूळ तुकडीतल्या कुबासोवच्या फुप्फुसावर डाग दिसला म्हणून अख्खी तुकडीच बदलली. त्याआधीचं सोयुझ १० तर स्थानकाला टेकून, नीट न जुळताच परत आलेलं. म्हणजे हे तिघं माणसानं बांधलेल्या अवकाशातल्या घरात पाऊल टाकणारे पहिले. २३ दिवस राहिले. पात्सायेवचा ३८वा वाढदिवस तिथेच झाला, अवकाशातला पहिला वाढदिवस. रशियात लोक त्यांना रोज टीव्हीवर बघत होते.

३० जूनला परत येताना यानाचे भाग वेगळे झाले, त्या धक्क्यानं हवेची एक झडप उघडली. उंची १६८ किलोमीटर. यानात तिघांना दाटीवाटीनं बसवायचं म्हणून अंगावर दाबाचे सूट नव्हतेच. यान कझाकस्तानात पॅराशूटनं अगदी व्यवस्थित उतरलं. झाकण उघडलं तर तिघं झोपल्यासारखे. झडप हातानं बंद करायचा प्रयत्न झाला होता, ती अर्धवट बंद सापडली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या अर्धवट बंद झडपेपाशी बराच वेळ थांबले होते.

डॉ_कुमुद

अवकाशवेडी, छान आणि वाईट. वैद्यकीय बाजूनं भर घालते. सोयुझ ११ नंतर नेमकं काय झालं हे कळेपर्यंत जगभर एक शंका होती की तीन आठवडे वजनरहित राहिल्यावर माणसाचं हृदय परतीचा ताण सोसू शकत नाही की काय. झडपेचं कारण निघालं आणि ती शंका मागे पडली. तरी २८ दिवस राहायला निघालेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, विचार करा. अमेरिकेचा तोवरचा विक्रम जेमिनी ७ चा, १४ दिवसांचा.

म्हणूनच डॉक्टर वर पाठवला असणार. रक्त, लघवी, वजन, स्नायू, रोजची मोजदाद. व्यायामाला सायकल होती. तिचे पट्टे इतके गैरसोयीचे की सुरुवातीला धड पॅडल मारता येईना, त्यात उकाडा. पुढे त्यांनी पट्टे काढूनच टाकले.

शंकासुर

बरं मग वर जाऊन काय केलं? छत्री उघडली का नाही? एक तर तुम्ही लोक गोष्ट सांगता सांगता पोथी लावता.

टूलरूमवाला

लावतो पोथीच, घ्या.

पहिला दिवस, २५ मे. पोचल्यावर कॉनरॅडनं यान स्थानकाभोवती फिरवून पाहणी केली. मग यानाचं दार उघडून वाइट्झ कमरेपर्यंत बाहेर, कर्विननं आतून त्याचे पाय धरलेले, आणि हातात लांब काठीला आकडा. आंबे काढायच्या घळानं फांदी ओढावी तसा पंख ओढायचा. तो ओढे, तर अख्खं यानच स्थानकाकडे सरकायचं आणि कॉनरॅडला छोटी रॉकेटं मारून ते मागे घ्यावं लागायचं. पट्टी हलली नाही. मधल्या काळात ह्यूस्टनशी संपर्क नव्हता. तो आला तेव्हा पहिल्यांदा ऐकू गेल्या त्या शिव्या. नौदलाचे होते हे सांगितलंच.

मग जोडणी करायला गेले तर ती होईना. कड्या लागतच नाहीत. पुन्हा पुन्हा करून झालं. शेवटचा उपाय म्हणून तिघांनी सूट चढवले, यानातली हवा सोडून दिली, बोगद्याचं झाकण उघडलं आणि जोडणीच्या यंत्रातल्या वायरी कापून तिची सुरक्षा-साखळी बायपास केली. मग यान सरळ नेऊन दाबलं. खट्कन सगळ्या कड्या लागल्या. वीस-बावीस तासांचा दिवस झाला होता. मेंटेनन्सच्या माणसाला यातलं काही नवीन वाटणार नाही. आधी भलतंच बिघडतं, मग खरं काम सुरू होतं.

दुसऱ्या दिवशी वाइट्झ तोंडावर मास्क लावून, वायू तपासत आत गेला. विषारी काही नव्हतं, पण आत ५० अंशांच्या वरचा कोरडा उकाडा. थोडा वेळ आत काम करायचं आणि थंड व्हायला मागे यायचं, असं करत छत्री झरोक्यातून बाहेर सारली. अडीच तास गेले. उघडली, पण पूर्ण ताणली नाही, सुरकुत्या राहिल्या. तरी तापमान उतरायला लागलं आणि काही दिवसांत राहण्याजोगं झालं.

देवगडकर

घळ म्हणालात आणि आमच्या बागेत नेऊन सोडलंत. घळानं आंबा काढताना पाय फांदीत अडकवलेले नसतील तर माणूसच खाली येतो. वजन नसेल तर तो आंब्याकडे जाणार, बरोबर?

टूलरूमवाला

देवगडकर, शंभर टक्के! ७ जूनच्या कामात सगळी गोम तीच होती.

छत्री झाली, पण वीज अपुरी. दुसरा पंख सोडवल्याशिवाय महिना निघणं कठीण आणि पुढच्या दोन तुकड्यांचं तर नावच नको. ७ जूनला कॉनरॅड आणि कर्विन बाहेर पडले. ज्या बाजूला जायचं तिथे काम करायचं कुणी योजलंच नव्हतं, त्यामुळे धरायला कठडे नाहीत, पाय अडकवायला जागा नाही. पाच-पाच फुटांचे तुकडे जोडून २५ फुटी काठी केली, तिच्या टोकाला कटर. कर्विनला त्याचा जबडा पट्टीवर बसवायचा होता, पण एक हात स्वतःला धरायला गेला की काठी डोलायची. बराच वेळ नुसती झटापट. मग त्याला समोर एक कडी दिसली. स्वतःची दोरी तिच्यातून ओवून त्यानं आखूड केली आणि दोन पाय व दोरी अशा तीन टेकूंवर उभा राहिला. दोन्ही हात मोकळे झाले, आणि लगेच कटर बसलं.

मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. आमच्याकडे पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आधी जॉब पक्का धर, मग हत्यार लाव. इथे जॉब म्हणजे स्वतः कर्विनच.

कॉनरॅड तीच काठी कठड्यासारखी धरून पंखापाशी गेला आणि त्याला दोरी बांधली. पट्टी तुटली. पंख थोडा हलला आणि थांबला, कारण त्याचा बिजागरीजवळचा दट्ट्या थंडीनं गोठला होता. मग दोघं त्या दोरीखाली शिरून, पाय स्थानकाला लावून उठून उभे राहिले, हमालानं बोजा उचलावा तसे. दट्ट्या मोडला, पंख उघडला आणि हे दोघं भिरकावले गेले. दोऱ्या होत्या म्हणून राहिले. तीन किलोवॉटच्या आसपास जादा वीज मिळायला लागली.

मुक्काम_ह्यूस्टन

फारच सुरेख उतरलंय. इथल्या स्पेस सेंटरमध्ये स्कायलॅबचा सरावाचा पूर्ण आकाराचा नमुना ठेवलाय. मुलांना घेऊन दोनदा गेलोय. फोटोत कळत नाही एवढं ते मोठं आहे. आत वरच्या भागात पाण्याच्या टाक्यांचं गोल कडं आहे, पहिल्या तुकडीनं त्यावरून गोल गोल धावून दाखवलं होतं, मौत का कुआँमधल्या मोटारसायकलसारखं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात तर न उडवलेलं राखीव स्कायलॅबच आहे. आमची धाकटी विचारत होती, मग हेच का नाही पाठवलं? मला उत्तर देता आलं नाही. पैसे, अजून काय.

देवगडकर

आता माझं १९७९. काका, अवांतर आहे, सांभाळून घ्या.

जुलै महिना, पाऊस, रेडिओवर रोज स्कायलॅब. दिल्लीत मोरारजींचं सरकार पडायला आलेलं, त्यामुळे वडील म्हणायचे दोन्ही एकदमच पडणार. ७७ टन लोखंड आकाशातून येणार म्हणून गावात कोंबड्यांवर संक्रांत. 'खाऊन घेया, उद्याचा कोणी बघितल्यान', हे शेजारच्या आजोबांचं वाक्य. त्यांनी पाच दिवसांत आठ कोंबड्या संपवल्या. ११ जुलैला ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडलं. मोरारजींचा राजीनामा १५ तारखेला. आजोबा पुढे वीस वर्षं जगले, पण कोंबड्या गेल्याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं.

अवकाशवेडी

हाहाहा! तिकडे एस्परन्स नावाच्या गावाच्या आसपास तुकडे पडले. गावच्या नगरपालिकेनं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोकला. एका १७ वर्षांच्या मुलानं तुकडे उचलून थेट सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि तिथल्या वर्तमानपत्रानं लावलेलं १०,००० डॉलरचं बक्षीस जिंकलं.

डॉ_कुमुद

परत मोहिमेवर येते. २२ जूनला प्रशांत महासागरात उतरल्यावर यान तिघांना आत ठेवूनच जहाजावर उचललं. २८ दिवसांनंतर तिघंही स्वतःच्या पायांनी बाहेर आले. त्यातल्या त्यात बेजार कोण होतं? डॉक्टर! कर्विनला मळमळ आणि चक्कर. आमच्या धंद्याची हीच तऱ्हा.

शंकासुर

सगळं मान्य. पण मासेमारीची काठी, फांद्या छाटायची कात्री, वायरी कापून बायपास. याला जुगाड नाही तर काय म्हणायचं? आणि वरती कुणीतरी हातोडी मारून बॅटरी चालू केली असं मी कुठेतरी वाचलंय, ते खरं का? ते तर आमच्या घरच्या टीव्हीसारखं झालं.

टूलरूमवाला

खरं आहे. १९ जूनला कॉनरॅड आणि वाइट्झ फिल्म बदलायला बाहेर गेले, तेव्हा एका बॅटरीचा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, अडकलेला होता. कॉनरॅडनं त्याच्या पेटीवर हातोडी हाणली, आणि बॅटरी चालू झाली. पण कुठल्या पेटीवर, कुठल्या जागी हाणायची हे खालच्या लोकांनी आधी शोधून सांगितलं होतं. तुमच्या टीव्हीला तुम्ही कुठेही मारता, फरक तिथे आहे.

आता जुगाडाचा राग. जुगाड म्हणजे आजचा दिवस निभावला, उद्याचं उद्या. इथे दहा दिवसांत कापडाची चाचणी झाली, घडीची झाली, पाण्यात सराव झाला, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे उपाय करून बघितले. नायलॉन उन्हानं कुजेल हे माहीत होतं म्हणून दुसऱ्या तुकडीनं ऑगस्टमध्ये छत्रीवर ते हंट्सव्हिलचं शीड ताणलं.

आणि जुगाड खरं तर कुठे होता सांगू? कवचात. चौकशी समितीनं शोधलं तेव्हा निघालं की ते कवच टाकीला चिकटूनच असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याखाली हवा शिरली तर काय, हे सहा वर्षांच्या बैठकांत आणि तपासण्यांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. कागद सगळे बरोबर होते. समितीनं सुचवलं की अशा कामावर एक अनुभवी मुख्य अभियंता असावा, जो कागदांपलीकडे ती वस्तू समग्र बघेल. मी नोकरीत असताना एका मोठ्या गिऱ्हाईकाच्या ड्रॉइंगवर सहा सह्या होत्या आणि भोक उलट्या बाजूला होतं. सहाही जणांनी तपासलं होतं.

शंकासुर

बरं बाबा, शब्द मागे घेतो. फक्त छत्रीपुरता. हातोडीचं अजून पटलेलं नाही.

अवकाशवेडी

जाता जाता एक जोड. सोयुझ ११ नंतर रशियनांनी एक खुर्ची काढून टाकली, दोघांनाच पाठवू लागले, पण सूट घालून. पुढे यान सुधारल्यावर तिसरी खुर्ची परत आली. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून सल्यूत ७ ला गेले तेव्हा तेही तिघं होते, आणि तिघांच्याही अंगावर सूट होता. त्यांचा तो प्रसिद्ध फोटो पुन्हा बघाल तेव्हा सूटकडेही बघा.

देवगडकर

बघितला. आणि आत्ता घळ घेऊन बागेत गेलो होतो, आधी दोरीनं स्वतःला फांदीला बांधलं. बायको विचारतेय, आज काय झालं?